बेलितुंगच्या खेड्यात आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही जकार्तात राहतो. पुढच्या महिन्यात आई आणि सात वर्षांच्या लेकाला घेऊन बेलितुंग बेटावर चार दिवस जातोय. मुक्काम मांगारजवळच्या एका खेड्यात, नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या घरी. हे कथलाच्या खाणींचं बेट. १८६० मध्ये डचांनी काढलेल्या बिलिटन कंपनीचं नावही या बेटाच्या नावावरूनच पडलेलं.

मुख्य काळजी आईच्या जेवणाची. ती अंडंही खात नाही. तिकडे साध्या भाजीत, चटणीतही सुकटीचा तो वाटलेला गोळा, तेरासी, असतो आणि प्रसिद्ध ‘मी बेलितुंग’ या नूडल्सचा रस्साच कोळंबीचा. यजमान खूप प्रेमळ आहेत, त्यांचं मन न दुखावता हे कसं सांगावं? मी कुकर, तूरडाळ, गोडा मसाला नेणार आहे, पण त्यांच्या चुलीवर आपण वेगळं शिजवलं तर त्यांना वाईट वाटेल का? तोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), नारळ, केळी यांवर कुणी चार दिवस काढलेत का?

दुसरं म्हणजे खाणींचे सोडून दिलेले खड्डे. पावसाचं पाणी साचून त्यांची तळी झालीत, त्यांना कोलोंग म्हणतात. फोटोत निळंशार, फार सुंदर दिसतं, पण काठ ठिसूळ आणि खोली एकदम वाढते. लेकाला पाण्याचं भयंकर वेड. गावातली मुलं पोहतात म्हणून तोही हट्ट धरणार. लहान मुलांना घेऊन तिथे राहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. समुद्रावर कुठे उथळ, शांत पाणी मिळेल तेही सांगा.