रोज एक कानटोपी, 30 दिवस, मदतनिधीसाठी. कुणी केलंय का असं?

शाहूपुरीची विणकर:
नमस्कार. मी साताऱ्यात राहते, विणकाम आईनं शिकवलेलं, पण आजवर घरातल्यांचे स्वेटर आणि बाळंतविडे एवढंच केलंय. गेल्या जानेवारीत पहाटे कोरेगावकडं निघालेलो, उसाच्या फडापाशी गाडी थांबवली तर तिथं तोडीवर आलेली एक बाई बैलगाडीच्या चाकाला टेकून बाळाला पाजत बसलेली. बाळाच्या डोक्यावर मोठ्या माणसाच्या स्वेटरची कापलेली बाही होती, वरचं तोंड सुतळीनं बांधलेलं, आणि कापलेल्या कडेचे टाके सुटून सुटून कपाळावर आलेले. मी विणणारी बाई, माझी नजर त्या सुटलेल्या टाक्यांवरनं हलेना. तेव्हापासून डोक्यात आहे की यंदा डिसेंबरात 30 दिवस रोज एक कानटोपी विणायची, रोजचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि ओळखीच्या लोकांनी त्यावर जमेल तसे पैसे द्यायचे. टोप्या आणि पैसे दोन्ही कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवरच्या लेकरांचं पाळणाघर चालवणाऱ्या एका संस्थेला द्यायचे, त्यांच्याशी बोलून झालंय. बाहेरच्या देशात असं रोज विणायचं चॅलेंज घेऊन दवाखान्यांसाठी वगैरे पैसे उभे करतात हे वाचलेलं, आपल्याकडं कुणी केलंय का? रोज एक होईल का, आणि पैसे माझ्या गुगल पेवर घेतले तर चालतील का?

विश्रामबागची मावशी:
ताई आधी मनापासून शाबास. पण रोज एक टोपी असं बोलू नका हो. मी एकदा अनाथाश्रमासाठी रोज एक पायमोज्यांचा जोड असं ठरवलेलं, नवव्या दिवशी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की कुकरचं झाकण लावता येईना, पाच दिवस सुया बाजूला ठेवाव्या लागल्या आणि ज्यांनी पैसे कबूल केलेले त्यांना रोज काय सांगायचं म्हणून जीव नुसता खालीवर. टोप्या मोजू नका, सुया मोजा, सुई म्हणजे विणलेली एक ओळ. आठ नंबरच्या सुयांवर जरा जाड लोकर घेतली तर तान्ह्या बाळाला 72 टाके पुरतात, खाली 2 सुलट 2 उलट, मग सगळं साधं, माथ्याला 2 टाक्यांचा 1 करत आणायचं, घट धरून साधारण 48 सुयांत टोपी होते. रोज 24 सुया धरल्या तर तासाभराचं काम, दोन दिवसाला एक टोपी, महिन्यात 15 टोप्या आणि 720 सुया. लोकांना सांगा एका सुईला एक रुपया. 720 रुपये म्हणलं की पेन्शनवालासुद्धा हो म्हणतो, आणि 50 जणांनी हो म्हणलं तर 36,000 झाले. एका दमात 24 करू नका, 12 सकाळी 12 संध्याकाळी. आणि सुरू करायच्या आधी दोन टोप्या करून ठेवा, घरात आजारपण पाव्हणे काय सांगून येत नाहीत.

कृष्णाकाठ सांगली:
पैशाबद्दल लिहितो कारण त्यात मी पोळलोय. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाखाली पाणी 57 फुटांवर गेलेलं, आमच्या गल्लीनं चादरी आणि भांड्यांसाठी पैसे गोळा केले आणि घाईत सगळे माझ्या खात्यावर आले. त्याच खात्यातनं घरचं लाइट बिल, पोराची फी, सगळं चालू. एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही, पण दोन महिन्यांनी एकानं चारचौघात हिशोब मागितला तेव्हा मला स्टेटमेंटमधल्या ओळी वेगळ्या करायला तीन रात्री लागल्या. त्याचं मागणं बरोबरच होतं, हिशोब आधीच लावून ठेवायला हवा होता. त्यामुळं ताई तुमच्या खात्यावर एक रुपया घेऊ नका. संस्थेचा क्यूआर कोड रोजच्या फोटोखाली टाका, देणारा थेट त्यांना देईल आणि पावती त्यांच्याकडनं मिळेल. संस्थेला 80जी, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट, आहे का विचारून घ्या, जुन्या पद्धतीनं टॅक्स भरणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, पण 2000 च्या वर रोख दिले तर ती सूट मिळत नाही हेही सांगा. आणि स्वतःच वर्गणी गोळा करायची म्हणलं तर गणपती मंडळं धर्मादाय ऑफिसातनं 41 क ची परवानगी काढतात तसली भानगड मागं लागते, ती टाळलेली बरी.

मिरजेची सिस्टर:
लहान बाळांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय म्हणून सांगते. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, उघडं राहिलं तर ऊब तिथनं पटकन जाते, आणि अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर ते लगेच गार पडतं. म्हणून टोपी खरंच कामाची वस्तू आहे. पण गोंडा, बटण, हनुवटीखाली बांधायची दोरी यातलं काहीच लावू नका, दोरी गळ्याला आवळते आणि गोंडा लेकरू तोंडात घालतं. आतल्या बाजूला लोकरीचं टोक सैल सोडू नका, तो धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि बोट सुजून निळं पडेपर्यंत कुणाला कळत नाही, मी स्वतः कात्रीनं सोडवलेत असले धागे.
अजून एक. कोपी पाचटाची, चूल दारातच. बाजारात बेबी वूल म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रेलिक असतं, ते मऊ खरं पण ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. मेंढीची खरी लोकर तशी लगेच पेट घेत नाही आणि वितळत तर नाहीच. ती टोचते म्हणून आतनं जुन्या मलमलच्या साडीचं अस्तर लावा. महाग पडेल पण इथं पैसे वाचवू नका. माणदेशातल्या घोंगडीची लोकर मात्र घेऊ नका, ती बाळाच्या डोक्याला फार खरखरीत.

कराडचा किरण:
माझे 720 धरा. आई म्हणते मलमलच्या दोन साड्या आमच्यात पडून आहेत, धुऊन पाठवते.

शाहूपुरीची विणकर:
सगळ्यांचे खूप आभार, मला एवढं अपेक्षित नव्हतं. सुयाच मोजायचं ठरवलं, रोज 24. संस्थेशी आत्ताच फोन झाला, क्यूआर कोड देतायत, 80जी आहे. सिस्टर, तुमचं वाचून कपाटातली गुलाबी ॲक्रेलिकची सहा बंडलं परत ठेवून दिली, त्याचं घरातच कायतरी करीन, आणि खरी लोकर मागवली. किरण, साडी मिळाली की अस्तराचं माप घेऊन फोटो टाकते, आईंना नमस्कार सांगा. मावशी, माथ्याला घट करताना 72 चे 36 एकदम करायचे की मधे चार सुया सोडून टप्प्याटप्प्यानं? एकदम केलं तर वर चुण्या पडतात असा माझा अनुभव आहे आणि आतनं अस्तर लावायचं म्हणल्यावर त्या चुण्या बाळाला रुतायला नकोत. आणि आठ नंबरची एक सुई वाकलीय माझी, पोवई नाक्याच्या आसपास कुणाकडं जोडी पडून असेल तर येऊन घेऊन जाईन.