नवख्या पात्रांची लेव्हल किती झपाट्याने वाढवावी?

नवखी डीएम

नमस्कार. मी नुकतेच डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे, एक कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) सुरू केले आहे. खेळाडू चार असून चौघांनीही यापूर्वी वीस बाजूंचा फासा कधी हातात घेतलेला नव्हता. आम्ही दर पंधरा दिवसांनी तीन तास बसतो. डीएमसाठीच्या (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या) पुस्तकात पहिल्या सेशननंतर दुसरी लेव्हल, पुढच्या सेशननंतर तिसरी आणि आणखी दोन सेशनांनंतर चौथी, असा वेग सुचवलेला आहे. तो प्रमाण मानून मी दोन सेशनांत पात्रे तिसऱ्या लेव्हलला आणली आणि तिथेच गाडी अडली. फायटर (लढवय्या) खेळणाऱ्या मैत्रिणीला दुसऱ्या लेव्हलला एका पाळीत जास्तीची एक कृती करू देणारे ‘अ‍ॅक्शन सर्ज’ मिळाले होते. ते तिने एकदाही वापरले नव्हते, आणि आता उपवर्ग (पात्राची खास शाखा) निवडायची वेळ आल्यावर कागदावर बोट ठेवून तिने मला विचारले, “हे आधीचं कशासाठी असतं तेच कळलं नाही, त्यात हे नवीन कुठे लिहू?” विझार्डवाल्याला (जादूगार खेळणाऱ्याला) मात्र दुसऱ्या पातळीचे मंत्र हाती आल्याने चौथ्या लेव्हलची घाई झाली आहे. मी वेग कमी करावा का? की पहिल्याच लेव्हलवर चार-पाच सेशने रेंगाळायला हवे होते?

अर्धा ऑर्क

पहिल्या लेव्हलवर रेंगाळला नाहीत, हे उत्तम केलेत. आकडेच पाहा. काँस्टिट्यूशनचा (शारीरिक चिवटपणाचा) बोनस +२ असलेल्या विझार्डला पहिल्या लेव्हलला ८ हिट पॉइंट असतात; घावांनी ते शून्यावर आले, की पात्र आडवे होते. ऑर्क या राक्षसाच्या कुऱ्हाडीचा घाव बारा बाजूंच्या एका फाशावर अधिक ३ इतका, म्हणजे सरासरी साडेनऊचा. एकच घाव बसला तरी विझार्ड बहुधा आडवा होतो. हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले, तर कुऱ्हाडीचे दोन फासे टाकायचे. त्यात एकूण नुकसान १६ किंवा अधिक झाले, तर हिट पॉइंट शून्य झाल्यावर उरलेले नुकसान कमाल हिट पॉइंटइतके भरते आणि पात्र जागीच मरते. ही शक्यता निम्म्याहून थोडी अधिक आहे. दुसऱ्या लेव्हलला त्याच विझार्डचे सरासरीने १४ हिट पॉइंट होतात. जागीच मरायला आता २८ नुकसान लागते आणि त्या घावाची कमाल मर्यादा २७ आहे. एका लेव्हलने एवढा फरक पडतो. नव्या खेळाडूने अर्धी संध्याकाळ खपून उभे केलेले पात्र पहिल्याच लढाईत एका फाशाने संपावे, यात शिकण्यासारखे काही नसते.

जुना नकाशा

वरील गणिताशी वाद नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. १९८१ च्या बेसिक नियमांत दुसऱ्या लेव्हलसाठी चोराला १२००, फायटरला २००० आणि जादूगाराला २५०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागत, आणि त्यांतील बहुतेक लढून नव्हे, तर खजिना सुखरूप बाहेर आणून मिळत; सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी. पात्र नाजूक आहे, हे ठाऊक असल्यामुळेच खेळाडू दाराला कान लावत, काठीने फरशी ठोकून पाहत, शत्रूशी आधी बोलणी करत. लेव्हल झटपट वाढवली, की ही सावधगिरी अंगी बाणण्याआधीच कागदावर चार नवी बटणे येतात आणि खेळाडू प्रसंगाकडे पाहण्याऐवजी कागदाकडे पाहू लागतो. धागाकर्त्या बाईंच्या फायटरचे नेमके तेच झाले आहे.

अर्धा ऑर्क

सावधगिरीला एक्सपी मिळत असत, म्हणून ती शिकली जाई. पाचव्या आवृत्तीत एक्सपी मुख्यतः शत्रूला हरवण्याचे आहेत. तिथे नुसता वेग कमी केला, तर नाजूकपणा उरतो आणि बक्षीस मात्र येत नाही.

कंदीलवाला

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. फक्त आपण सारे सेशने मोजतो आहोत, तिथे गफलत होते. नियमांतील एक्सपीचा तक्ता पाहिला, तर दुसऱ्या लेव्हलला प्रत्येकी ३००, तिसऱ्या लेव्हलला एकूण ९००, चौथ्याला २७०० आणि पाचव्याला ६५०० लागतात. गॉब्लिन या किरकोळ राक्षसाचे ५० एक्सपी धरले आणि ते गटात वाटले, तर चार जणांच्या गटाला दुसरी लेव्हल गाठण्यासाठी २४ गॉब्लिन मारावे लागतात, म्हणजे चार-चार गॉब्लिनांच्या सहा लढाया. नवख्यांच्या तीन तासांत जेमतेम दोन होतात. म्हणजे तुमच्या फायटरला दुसऱ्या लेव्हलवर फार तर दोन लढाया मिळाल्या असणार, आणि त्यांत ‘अ‍ॅक्शन सर्ज’ सुचले नाही, यात तिचा दोष नाही.

मी स्वतः एवढेच पाहतो, की प्रत्येक खेळाडूने आपली नवी क्षमता निदान दोनदा, मी आठवण न करता, वापरली आहे का. वापरली नसेल, तर तिची गरज पडेल असा प्रसंग उभा करतो. उदाहरणार्थ, पूल कोसळण्याआधी एकाच फेरीत दोर कापायचाही आहे आणि पहारेकऱ्याला अडवायचेही आहे. फायटरकडे तिथे दुसरी वाटच नसते, आणि एकदा हे जमले की ती ते विसरत नाही. मिळालेली लेव्हल काढून घेऊ नका. तिसऱ्यावर तीन-चार सेशने थांबा. विझार्डला वाट पाहायला लावण्यापेक्षा एखादी मंत्राची गुंडाळी सापडू द्या. तो ती आपल्या वहीत उतरवण्याच्या खटाटोपात रमेल. चौथ्यावरही असेच थांबा, कारण पाचव्या लेव्हलला खेळच बदलतो: फायटरला एका कृतीत दोन वार मिळतात आणि विझार्डला सरासरी २८ नुकसान करणारा ‘फायरबॉल’ घेता येतो. ७ हिट पॉइंटांचे गॉब्लिन त्यानंतर कुणाला भीती घालणार?

नवखी डीएम

सर्वांचे आभार. दोन लढायांचा हिशेब वाचून मी जुनी टिपणे काढून पाहिली. दुसऱ्या लेव्हलवर आमची एकच लढाई झाली होती आणि तीही फायटरची पाळी येण्याआधीच विझार्डच्या शत्रूंना झोपवणाऱ्या ‘स्लीप’ मंत्राने संपली होती. आता तिसऱ्यावरच थांबते. पूल आमच्या नकाशात नाही; पण एक वर चढणारे लोखंडी दार आहे, त्याची साखळी तुटेल.