मदत हवी आहे: मलई चिकनचा रस्सा फाटतो
ऑफिसातून आल्यावर अर्ध्या तासात होईल असं मलई चिकन हवंय. अर्धा किलो बोनलेस, कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, दही आणि २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम घेते. चव छान लागते, पण दही पडलं की रस्सा फाटतो: कडेला तेल, मध्ये पांढरे बारीक कण. दही आधीच फ्रिजबाहेर काढून, घोटून, चमचा-चमचा घालून पाहिलं. बेसन लावलं तर फाटत नाही, पण मग कढीची चव येते! मुलाला काजूची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे काजू-बदाम नकोत. शेगडी इंडक्शनची, सगळ्यात कमी आचेवरही मधूनमधून खदखदतंच. सगळं दही मॅरिनेशनलाच वापरून रश्श्यात शेवटी फक्त क्रीम घालावं का? आणि दाटपणासाठी मगज बी बरी की खसखस, एवढ्या चिकनला किती?