अ‍ॅलिस की बॅबकॉक? ओटीत नवीन आहे, कुणीतरी नीट समजावा

ओटीत_नवीन
नमस्कार. मी स्टाफ नर्स, परळच्या एका मोठ्या रुग्णालयात. मेडिसिन वॉर्डातून बदली होऊन सर्जरीच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आले, त्याला चार महिने झाले. मंगळवारी अपेंडिक्सची ओपन केस होती. सरांनी हात पुढे केला, "बॅबकॉक". मी अ‍ॅलिस दिला. दोन्ही म्हणजे ऑपरेशनमध्ये आतला भाग धरून ठेवायचे, लॉक लागणारे चिमटे. सरांनी टोक पाहिलं, परत माझ्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "सिस्टर, याला दात आहेत." ओरडले नाहीत. पण डोंबिवलीपर्यंत गाडीत तेच डोक्यात होतं आणि रात्री झोपही लागली नाही.

दोघांची मूठ सारखी, लॉक सारखं, लांबी जवळपास तेवढीच. पाठ करते आणि घाईत विसरते. शिवाय एक कळत नाही. अपेंडिक्स तर काढूनच टाकायचं होतं, मग दात लागले तर काय बिघडलं? आणि दात एवढे वाईट, तर त्वचा शिवताना टूथ फोर्सेप का मागतात?

निवृत्त_स्क्रब_सिस्टर
अगं, नावं पाठ करून हे जमत नाही. 31 वर्षं ट्रॉली लावली मी, मलाही सुरुवातीला जमलं नव्हतं. आत काय धरायचं आहे ते बघ, हात आपोआप तिकडे जातो.

अ‍ॅलिसच्या टोकाला बारीक दात असतात, दोन्ही बाजूंचे एकमेकांत बसतात. पकड सुटत नाही, पण धरलेली जागा चेचली जाते. म्हणून तो रेक्टस शीथसारख्या (पोटाच्या स्नायूवरचं आवरण) चिवट थराला, नाहीतर कापून बाहेर काढायच्या भागाला. बॅबकॉकचं टोक रुंद, मधे पोकळ, कमानीसारखं. दात नाहीत. नळी त्या पोकळीत बसते, तिला चिरडावं लागत नाही. आतडं, फॅलोपियन ट्यूब (गर्भनलिका), अपेंडिक्स, हे सगळं त्याचं.

आता तुझा प्रश्न. फार चांगला विचारलास. अपेंडिक्स जाणारच आहे, खरं. पण ते सुजलेलं असतं, कधी आत पू भरलेला असतो. दात घुसून ते पोटातच फुटलं तर घाण आत सांडेल आणि पेशंटला पुढचे किती दिवस भोगावं लागेल! जाणारी वस्तूही अख्खी बाहेर यायला हवी. सरांनी अ‍ॅलिस परत दिला तो यासाठी.

त्वचेचं उलट आहे. त्वचा जाड आणि निसटती. प्लेन फोर्सेपने धरायची तर जोरात दाबावं लागतं, आणि दाबलेली कड काळवंडते, नीट भरत नाही. टूथ फोर्सेपला एका बाजूला दोन दात, दुसऱ्या बाजूला एक. हलकं धरलं तरी पुरतं. चांगला सर्जन तर त्वचेचा वरचा थर चिमटीत घेतच नाही, खालच्या डर्मिसला उचलतो. आतड्याला, रक्तवाहिनीला मात्र दात दाखवायचे नाहीत. तिथे प्लेन, नाहीतर डिबेकी, म्हणजे नाजूक भागाला इजा न करणारा चिमटा.

एक कर. कंडम झालेला एक अ‍ॅलिस आणि एक बॅबकॉक मागून घे. ग्लोव्हच्या बोटात पाणी भर, गाठ मार, आणि दोघांनी आळीपाळीने धरून ओढ. मी नव्या मुलींना असंच शिकवायचे. एकदा ओल्या बोटातून पाणी गळताना पाहिलं की विसरणं कठीण.

सीझरच्या ट्रेतला ग्रीन-आर्मिटेज पाहिलास का? गर्भाशयाची कापलेली कड धरायला रुंद टोकाचा. ज्यांच्या नावाचा तो, ते डॉक्टर आपल्या कोलकात्याच्या ईडन हॉस्पिटलात होते. अ‍ॅलिस आणि बॅबकॉक हे डॉक्टर दोघेही फिलाडेल्फियाचे.

सर्जरी_रेसिडेंट
सिस्टर, अगदी बरोबर. भर एवढीच, की लॅपमध्येही (दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये) बॅबकॉक असतो, पण तिथे पकडीचा जोर हाताला फारसा कळत नाही. त्यामुळे आतडं ओढताना मी जास्त घाबरून असतो. आणि ताई, चुकीचं हत्यार आलं की आम्हीही दोनदा बघतो. मनाला लावून घेऊ नका.

सीएसएसडीवाला
ओटीत हात बसेपर्यंत एक सवय लावून घ्या. बॅबकॉक मुठीजवळच्या लॉकच्या पहिल्या खाचेवर लावा आणि मूठ तळहातावर हलकीच आपटा. उघडला तर तो बाजूला काढा, पोटात तो केव्हाही सुटेल. अ‍ॅलिस बंद करून उजेडासमोर धरा, दात चुकीचे बसत असतील तर लगेच दिसतं. आणि केस संपल्यावर ब्लीचच्या पाण्यात भिजत ठेवू नका, स्टीलला खड्डे पडतात. रक्त वाळायच्या आत धुवा, ऑटोक्लेव्हला लॉक उघडं ठेवूनच पाठवा.

ओटीत_नवीन
सिस्टर, ग्लोव्हचं केलं. अ‍ॅलिसने पहिल्याच ओढीला भोक पडलं, बॅबकॉकने तीनदा धरलं तरी थेंब नाही. आज ट्रॉली लावताना अ‍ॅलिस डावीकडे, बॅबकॉक उजवीकडे, मधे आर्टरी (रक्तवाहिनी दाबायचा चिमटा), असं ठेवलं.

आणि दादा, तुमची आपटून बघायची युक्ती पाच बॅबकॉकवर केली. एक उघडला. त्याला लाल टेप लावून इन्चार्ज सिस्टरांना दिला. उद्या सकाळी दोन हर्निया आहेत आणि एक ट्यूबेक्टॉमी (बाईची नसबंदी). ट्यूबेक्टॉमीला सर्जनच्या हातात हत्यारं द्यायला, म्हणजे स्क्रबला, मीच आहे.

निवृत्त_स्क्रब_सिस्टर
मग बॅबकॉक आधीच हाताशी ठेव. मागायच्या आधी दे.