वैमानिक गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय बोलावे?

अंजनेरी

आपल्यातला एक हौशी वैमानिक गेल्या महिन्यात विमान अपघातात गेला. बातमी येऊन चार तासही झाले नव्हते, तोच आपल्या या ऑनलाइन मंचावर एका ज्येष्ठांनी लिहिले: ‘श्रद्धांजल्या पुरे झाल्या. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे दिसत नसताना केवळ उपकरणांवर उडण्याची परवानगी, नसताना तो ढगात शिरला, एवढे स्पष्ट बोलण्याचे धैर्य कुणात आहे का? खासगी वैमानिकांची सहानुभूती म्हणजे चुकीवर घातलेले पांघरूण आहे.’ त्या दिवशी मी उत्तर दिले नाही, कारण मी त्याच्या वडिलांजवळ बसलो होतो. आज देतो.

दहाव्याला रामकुंडावर आम्ही सहा जण गेलो होतो. गुरुजींनी पिंड ठेवला, सगळे मागे सरले आणि कावळा काही शिवेना. मामांनी बहिणीच्या लग्नाचे वचन दिले, काकांनी कर्जाचे दिले. शेवटी वडील पुढे झाले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, ‘त्याची चूक असेल तर तीही सांगा. पण आधी मला सांगा, मग जगाला सांगा. मला ती मोबाईलवर वाचायला लावू नका.’ त्यांनी तुमचा मजकूर वाचला होता, सर. शेजारच्या मुलाने दाखवला होता.

अपघाताचे कारण दडवावे, असे मी म्हणत नाही. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा सांगितला आहे, दोष ठरवणे हा नव्हे. आणि प्राथमिक अहवालाला ३० दिवसांची मुदत असते ती उगीच नाही. चार तासांत कारण सांगणारा माणूस तपास करत नसतो, तो स्वतःची भीती शमवत असतो. ‘मी असे केले नसते’ हे वाक्य उच्चारले की उद्याचे उड्डाण सोपे होते. हे मला ठाऊक आहे, कारण मीही ते मनात म्हटले आहे.

प्रशिक्षणाच्या काळात माझा खोलीतला सोबती गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या प्रशिक्षकांनी मला विमानात बसवले, स्वतः उजव्या आसनावर बसले आणि म्हणाले, ‘आज उडायचे नाही, फक्त टॅक्सी करायची, विमान जमिनीवरच चालवायचे.’ धावपट्टीच्या टोकापर्यंत गेलो, परत फिरलो. ते एक अक्षर बोलले नाहीत. हँगरसमोर इंजिन बंद केले, तेव्हा त्याच आठवड्यात मी इंधन न तपासता कसा निघालो होतो, हे मी आपण होऊन सांगितले. कुणी दरडावून विचारले असते, तर मी ते कधीच सांगितले नसते.

जुना इन्स्ट्रक्टर

तो मजकूर माझाच आहे आणि मी तो मागे घेत नाही. वडिलांना तो तसा वाचावा लागला, याचे वाईट वाटते. परंतु मुद्दा तसाच राहतो.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात केवळ नजरेच्या आधारे उडणाऱ्या २० जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवून पाहिले. विसांच्या विसांचा विमानावरचा ताबा सुटला, आणि त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत. आपल्याकडे जुलैमध्ये ब्रह्मगिरी आणि कसाऱ्याच्या डोंगरांवर ढग किती खाली येतात, हे नाशिककरांना मी सांगायला नको. त्यात ‘जरा पुढे जाऊन पाहू’ म्हणणारा माणूस चांगला मुलगा असतो, मनमिळाऊ असतो, आई-वडिलांचा एकुलता असतो. पण डोंगर ते पाहत नाही.

आता माझी गोष्ट ऐका. पंचवीसएक वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी असाच ढगात गेला. त्याच्या आईने माझे हात धरले, आणि वर्गात मी त्या अपघाताविषयी चकार शब्द काढला नाही. ‘नशीब’ म्हणालो, सगळे ‘नशीब’ म्हणाले. पुढच्याच पावसाळ्यात दुसरा विद्यार्थी त्याच खिंडीतून, तशाच ढगाखालून निघाला. तोही परतला नाही. मी पहिल्या आईची कणव केली आणि दुसऱ्या आईचा मुलगा घालवला. तेव्हापासून मी वाट पाहत नाही.

रिव्हेट

आपण दोघेही वैमानिकांचेच बोलत आहात. मी विमान-देखभाल अभियंता आहे, निवृत्तीनंतर ओझरला राहतो. विमान उड्डाणासाठी सोडताना शेवटची सही आमची असते. अपघाताची बातमी आली की पहिली गोष्ट काय घडते, हे कुणी कधी विचारले आहे का? कागदपत्रे सील होतात. ते योग्यच आहे, पण त्याच क्षणापासून सहकाऱ्यांची नजर बदलते. एका अपघातानंतर मी पाच महिने रोज रात्री तोच एक नट मनातल्या मनात पिळत होतो. नट सैल होऊ नये म्हणून सेफ्टी वायर घातली होती का? घातली होती. मला बोटांना आठवत होते, तरी उठून बसत असे. अहवालात देखभालीचा दोष नसल्याचे स्पष्ट झाले, त्या दिवशी सर्वांनी पाठ थोपटली. त्या पाच महिन्यांत मात्र एकाही वैमानिकाने मला चहाला बोलावले नाही.

निफाडकर

मी तुमच्यातला नाही, शेतकरी आहे, आणि हा धागा वाचून संताप आला म्हणून लिहितो. ४ जून २०२४ ला आमच्या तालुक्यात शिरसगावच्या शिवारात सुखोई कोसळले. दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले, याचा सर्वांना मनापासून आनंद झाला. पण ज्यांच्या डोक्यावर विमान पडते, त्यांचे दुःख तुमच्या हिशेबात कुठे आहे? तासाला हजारो रुपये उडवून हौस करायची आणि मग एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचे, याला करुणा म्हणत नाहीत.

करुणा पाहायची असेल तर चोपडा तालुक्यातल्या वर्डीकडे पाहा. १६ जुलै २०२१ ला सातपुड्याच्या जंगलात प्रशिक्षणाचे विमान पडले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ मुलगी जबर जखमी झाली. रस्ता नव्हता. एका आदिवासी आजीने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी झाली आणि लोकांनी त्या मुलीला खांद्यावरून डोंगर उतरवून आणले. त्या आजी जन्मात कधी विमानात बसल्या असतील का?

अंजनेरी

निफाडकर, ‘हौस’ हा शब्द तुम्ही ज्या तिरस्काराने वापरला, तो मला लागला. माझा मित्र कर्ज काढून शिकला होता. वर्डीची गोष्ट मात्र आपण सांगितलीत हे बरे झाले, कारण मला जे म्हणायचे आहे ते तीच सांगते. त्या आजींनी झोळी देण्याआधी ‘चूक कुणाची?’ असे विचारले नाही.

जुना इन्स्ट्रक्टर

झोळी जखमीसाठी असते. मेलेल्याला झोळी देऊन काय उपयोग? मला पुढचा वाचवायचा आहे.

सोलो चौदा

सर, पुढचा म्हणजे मी. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांपैकी माझे १४२ झाले आहेत. आमच्या तुकडीतला एक मुलगा गेला, त्यानंतर मला लँडिंगच्या वेळी हात थरथरण्याचा त्रास सुरू झाला. मी कुणाला सांगू? प्रशिक्षकांना सांगितले तर फाईलवर शेरा येईल. डॉक्टरांना सांगितले तर पुढच्या मेडिकलच्या अर्जात मानसिक त्रासाविषयीच्या प्रश्नापुढे मला ‘होय’ लिहावे लागेल. तात्पुरता अपात्र ठरलो की ते ‘तात्पुरते’ किती महिन्यांचे, हे कोण सांगणार? घरची शेती गहाण आहे. येथे करुणा आणि शिस्त यांवर वाद चालला आहे. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच आहे की खरे बोललो तर मी उडू शकेन का.

गंगापूर रोडचे डॉक्टर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे वैमानिक येतात, खोटे नाव सांगतात आणि रोख पैसे देतात. गोळी लिहून देऊ लागलो की उठून जातात. ही अवस्था नवी नाही. २०१५ च्या मार्चमध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्समध्ये आदळवले आणि १५० जीव गेले. त्यानेही आजार लपवला होता. त्यानंतर युरोपने विमान कंपन्यांना सहकारी-आधार व्यवस्था बंधनकारक केली, म्हणजे वैमानिकाने आधी वैमानिकाशीच बोलावे, गुप्तता राखली जावी आणि गरज भासल्यासच तज्ज्ञाकडे जावे. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२३ च्या परिपत्रकात असे गट स्थापण्याचा सल्ला दिला आहे.

सोलो चौदा

डॉक्टर, सल्ला दिला आहे. आमच्याकडे त्या गटाचा प्रमुख कोण आहे, ठाऊक आहे? जो माझी चाचणी घेणार आहे तोच.

जुना इन्स्ट्रक्टर

हात थरथरत असतील तर तू उडता कामा नये. यात गुप्तता कसली? तुझ्याबरोबर उद्या कुणी प्रवासी बसेल, त्याला हे जाणण्याचा हक्क नाही का? आम्ही शिकलो तेव्हा हे लाड नव्हते.

अंजनेरी

सर, क्षमा असावी, पण हे वाक्य तुम्हाला शोभत नाही. त्या पोराने आत्ता, सर्वांसमोर, स्वतःहून सांगितले, आणि तुम्ही त्याला पहिला धडा हाच दिलात की सांगू नये. तुमच्या काळी लाड नव्हते म्हणून किती जण थरथरत्या हातांनी उडत राहिले, याची नोंद कोणत्याही लॉगबुकात सापडणार नाही.

जुना इन्स्ट्रक्टर

आवाज चढवू नका. मी ४० वर्षांत किती मुलांना घरी सुखरूप पोचवले, हे तुम्हाला ठाऊक नाही.

गंगापूर रोडचे डॉक्टर

दोघांनीही थांबावे. थरथरणाऱ्या हातांनी उडू नये, हे सरांचे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण अशी थरथर बहुधा उपचारांनी आटोक्यात येते, आणि लपवली तर वाढते. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातानंतर चारच दिवसांनी, १६ जूनला, एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा घेतली. ५१ कमांडर, म्हणजे मुख्य वैमानिक, आणि ६१ फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. हा आकडा संसदेत सांगण्यात आला. त्यांतले किती जण दुःखाने आजारी होते, हे सांगता येणार नाही, पण त्यांना रजा तरी होती. खासगी परवान्यावर चार सीटचे विमान उडवणाऱ्याला कंपनी नाही, रजा नाही, परिपत्रकातला गटही नाही. त्याला फक्त तुम्ही आहात.

येथील उत्साही मंडळींसाठी एक सूचना. घटनेनंतर सगळ्यांना एकदाच गोल बसवून सक्तीने बोलते केल्याने लाभ होत नाही, काहींना तर उलट त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचारात तीनच गोष्टी आहेत: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. अंजनेरींच्या प्रशिक्षकांनी टॅक्सी करताना नेमके तेच केले होते.

रिव्हेट

चहाचे पुन्हा कुणीच बोलले नाही.

अंजनेरी

रिव्हेट काका, खरे आहे, चुकलेच. गेल्या महिन्यातल्या त्या विमानावर सही करणारे गृहस्थ कोण, हेही मी विचारले नव्हते. आज विचारतो.

गोदा

मी उडत नाही. माझे यजमान उडत असत, चार वर्षांपूर्वी गेले. आपले सगळे वाचले आणि राहवेना, म्हणून लिहिते.

पहिले तेरा दिवस घर भरलेले होते. वैमानिक मंडळी विमानतळावरची कागदपत्रे, विमा, पोलिसांचा पंचनामा असे सारे धावून करत होती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. चौदाव्या दिवशी घर रिकामे झाले आणि पुन्हा भरले नाही. कुणी वाईट नव्हते. माझ्यासमोर काय बोलावे हे त्यांना कळत नसे, कारण विषय निघाला की चुकीचा निघणार. कॉलेज रोडवर एक जण मला पाहून रस्ता ओलांडून गेले. यजमानांचे हेडसेट आणि गुडघ्याला बांधायचे पॅड कपाटात जसेच्या तसे आहे. पॅडवर त्यांच्या अक्षरात वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे.

इन्स्ट्रक्टर साहेब, तुम्ही खरे बोलण्याचा आग्रह धरता, याचा मला राग आलेला नाही. मला राग आला तो खरे आणि आपुलकी यांत एकाचीच निवड करावी लागेल, असे तुम्ही गृहीत धरलेत याचा. अंतिम अहवाल सव्वा वर्षाने आला. ज्यांनी फुले आणली होती, त्यांच्यापैकी कुणी तो माझ्याशेजारी बसून वाचला नाही. आणि ज्यांना चुकीची चर्चा करायची होती, त्यांनी ती माझ्या पाठीमागे केली.

जुना इन्स्ट्रक्टर

ताई, कॉलेज रोडवर रस्ता ओलांडणारा मी नव्हतो, पण असू शकलो असतो.

चार तासांत लिहिले ते घाईचे झाले, एवढे मान्य करतो. त्याहून अधिक आज मान्य करणार नाही, कारण खिंडीतला तो दुसरा मुलगा मला अजून दिसतो. अंजनेरी, त्या वडिलांचा पत्ता मला वेगळा पाठवा; मी स्वतः जाऊन बोलेन, आणि त्यांनी विचारले तरच ढगांचे सांगेन. सोलो चौदा, शनिवारी सकाळी ये. विमान नेणार नाही. डॉक्टरांचा नंबर मी घेतो आणि पहिल्या वेळी तुझ्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसतो.

ताई, आपली हरकत नसेल, तर त्यानंतर आपल्याकडे येईन.

गोदा

या. येताना अहवालाची छापील प्रत आणा. माझ्याकडे आहे, पण मी पहिल्या पानापुढे गेलेले नाही. तांत्रिक शब्द मला कळत नाहीत, आणि कळले तर त्या वेळी घरात कुणीतरी असावे, असे वाटत होते.

रिव्हेट

इंजिनाची पाने मी समजावून सांगेन. किती वाजता यायचे?