'वू-वेइ'ला मराठीत काय म्हणावं?

एका कारखान्यातल्या सुपरवायझरांसाठी नेतृत्वावर मराठी टिपण लिहिते आहे. त्यात प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओ त्झूचा 'वू-वेइ' आला आणि तिथेच अडले. 'वू' म्हणजे नाही, 'वेइ' म्हणजे करणे. आधी 'निष्क्रियता' लिहिलं. मसुदा वाचून एका सुपरवायझरांनी विचारलं, "म्हणजे साहेबांनी नुसतं केबिनमध्ये बसून राहायचं का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मराठीत निष्क्रिय हा ठपका आहे. मग 'अकर्म' सुचलं, पण मन घेत नाही. रोजच्या बोलण्यातला शब्द आहे का कुणाकडे?

प्रतिसाद १

'अकर्म' नकोच. तो शब्द आला की पाठोपाठ गीतेचा चौथा अध्याय येतो, 'कर्मण्यकर्म यः पश्येत्'. तिथे प्रश्न आहे कर्माच्या बंधनाचा. लाओ त्झूच्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाचा बराचसा भाग राज्य चालवणाऱ्याला उद्देशून आहे. राजाने जागोजागी हात घातला की प्रजेचं काय होतं, ही त्याची काळजी. 'निर्हस्तक्षेप' म्हटलं तर अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक उघडल्यासारखं वाटतं, सरकार आणि बाजार वगैरे.

मी 'ढवळाढवळ न करणे' सुचवीन. त्याच ग्रंथाचा साठावा अध्याय सुरू होतो तो असा: मोठं राज्य चालवणं म्हणजे लहान मासे शिजवणं. (अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १९८८च्या संसदेपुढच्या भाषणात हे वाक्य घेतलं होतं.) आमच्याकडे मांदेलीचं कालवण करताना तिखट, मीठ, कोकम सगळं आधी बेताचं करून घेतात. रस्सा उकळला की मासे सोडायचे आणि मग पळी लावायची नाही. टोप फडक्याने दोन्ही कानांशी धरून हलकेच फिरवायचा, बस्स. पळी घातली की मांदेलीचा चुरा होतो, काटे रश्शात येतात. आई बाजूलाच उभी असते, आचेवर तिचं लक्ष असतं, फक्त हात आवरलेला असतो. हाच वू-वेइ. आणि आपल्या भाषेत स्वयंपाकातलं ढवळणं नि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं, दोन्ही एकाच शब्दात आहे. असा जुळून आलेला शब्द सोडू नका.

प्रतिसाद २

शब्द आवडला, पण दोन शंका. एक, हा नकार झाला. शीर्षकात 'न करणे' बोजड दिसेल. दुसरी जास्त महत्त्वाची. ताओ आणि उद्योग म्हटलं की चिनी कंपनी हायरचे माजी प्रमुख झांग रुइमिन आठवतात, ते लाओ त्झूचे दाखले नेहमी देत आले. १९८४ साली छिंगदाओचा बुडीत निघालेला कारखाना त्यांनी हाती घेतला आणि १९८५ मध्ये सदोष निघालेले ७६ फ्रिज कामगारांकडूनच हातोड्याने फोडून घेतले. पुढे मधल्या फळीतली हजारो पदं काढून टाकली, कंपनीचे लहान लहान गट केले. याला ढवळाढवळ नाही तर काय म्हणायचं?

प्रतिसाद १ (पुन्हा)

फ्रिज फोडणं ही मीठ-तिखटाची तयारी होती, असं मी म्हणेन. दर्जा कशाला म्हणायचं हे एकदा सगळ्यांसमोर ठरलं, मग रोज कुणी मागे उभं राहायची गरज उरत नाही. पदं काढण्याबाबत मात्र तुमच्याशी सहमत आहे. ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी ती ढवळाढवळच, आणि तिला वू-वेइ म्हणू नये. त्यानंतर त्या लहान गटांना माणसं नेमण्याचे, निर्णय घेण्याचे आणि मोबदला वाटून घेण्याचे अधिकार मिळाले. वू-वेइ हा शब्द तिथे लागू पडतो. (रांजणगावला हायरचा कारखाना आहे, तेव्हा हे उदाहरण तुमच्या वाचकांना फार लांबचं वाटणार नाही.)

नकाराबद्दल म्हणाल तर वू-वेइ मुळातच नकार आहे. होकारी बाजूला वेगळा शब्द आहे, 'झीरान'. सतराव्या अध्यायात राज्यकर्त्यांची उतरंड आहे: सर्वांत चांगला तो, जो आहे एवढंच लोकांना ठाऊक असतं, त्याखाली लोक ज्याची स्तुती करतात तो, मग ज्याला भितात तो, तळाला ज्याला तुच्छ लेखतात तो. स्तुती होणारा साहेब दुसऱ्या पायरीवर आहे, हे टिपणात आवर्जून लिहा. शेवटी काम पुरं झाल्यावर लोक म्हणतात, आमचं हे झीरान झालं. झीरानला मराठी शब्द: 'आपसूक'. 'स्वयंस्फूर्त' नको, तो समारंभातला आहे.

मूळ प्रश्न विचारणारी

आपसूक! हा शब्द आजी दिवसातून दहा वेळा वापरायची आणि मला आठवला नाही. टिपणात आता असं बदललं आहे: "काम नेमून द्या, माप नि मुदत स्पष्ट सांगा. मग ढवळाढवळ करू नका. अडलं तर माणूस तुमच्याकडे येईल, तेव्हा जागेवर सापडा." उद्या त्याच सुपरवायझरांना वाचायला देते.