मदत हवी आहे: सिनेमा लावला की गेमपॅड सुटतो

घाटमाथा:
टीव्हीला छोटा कॉम्प्युटर जोडलाय. जुने गेमही त्याच्यावर आणि सिनेमेही. गेम खेळताना गेमपॅड झकास चालतो. सिनेमा लावला की दोन मिनिटांत सुटतो. पॉज होत नाही, आवाज कमी होत नाही, कधी कधी एकदाच खाली दाबलं तरी यादी सरसर शेवटपर्यंत पळते. मग कीबोर्ड काढावा लागतो. त्याची वायर दिवाणापासून टीव्हीपर्यंत आडवी येते आणि आई तिच्यात अडखळते, म्हणून तर सगळं गेमपॅडवर आणायचा खटाटोप. तीन रात्री गेल्या. शनिवारी भाचा येतोय. माहीत असेल त्यांनी कृपया लवकर सांगा.

वायरवाला:
छोटा कॉम्प्युटर म्हणजे कुठला? पॅड वायरचा की ब्लूटूथ? सिनेमे कशात बघता? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

घाटमाथा:
रास्पबेरी पाय ४. गेमसाठी रेट्रोपाय आणि सिनेमांसाठी त्यातच कोडी. पॅड ब्लूटूथचा. पण गेममध्ये चालतोय म्हणजे पॅड चांगलाच आहे ना!

मोगरा_७२:
कोडीचा जॉयस्टिकवाला अ‍ॅडऑन नसेल. लिनक्सवर काही ठिकाणी तो वेगळा टाकावा लागतो. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. तो टाका, मग सेटिंग्ज, सिस्टिम, इनपुट असं जाऊन पॅडची बटणं एकेक करून ओळखवून द्या.

वायरवाला:
अ‍ॅडऑन नसता तर कोडीच्या मेनूतही चालला नसता. ताईंचा आधी चालतो आणि मग सुटतो. दोन वेगळे आजार आहेत.

जुनी_कॅसेट:
रेट्रोपायच्या जागी बॅटोसेरा सिस्टिम टाका. गेम आणि कोडी दोन्ही तयार मिळतं. मी दोन वर्षं वापरतोय, तक्रार नाही.

वायरवाला:
शनिवारी पाहुणा येतोय आणि तुम्ही त्यांना अख्खी सिस्टिम बदलायला लावताय.

जुनी_कॅसेट:
अर्ध्या तासाचं काम आहे. पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं तर जुन्या कार्डाला हातही लागत नाही. माहिती नसताना खोडून काढू नका.

ओली_भेळ:
पॅड झोपत असणार. ब्लूटूथ पॅडला काही वेळ हात लागला नाही की बॅटरी वाचवायला ते बंद होतात. सिनेमा बघताना कोण बटणं दाबतं? होम दाबून उठवायचा.

घाटमाथा:
दोन मिनिटांत सुटतो असं लिहिलंय मी. आणि झोपला की याचे दिवे विझतात. इथे चारही दिवे डावीकडून उजवीकडे धावायला लागतात, म्हणजे तो पायला शोधत असतो. होम दाबलं की जोडला जातो आणि पुन्हा सुटतो.

मोगरा_७२:
मग पॅडचा नाद सोडा, टीव्हीचाच रिमोट वापरा. पायच्या एचडीएमआयवर सीईसी असतं, म्हणजे टीव्हीच्या रिमोटनेच जोडलेलं यंत्र चालवायची सोय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू करायचं. सॅमसंगवर त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक.

घाटमाथा:
रिमोटचं विचारलं नव्हतं, तरी आईसाठी लक्षात ठेवते.

गच्चीवरचा_तारा:
एक विचारू? सिनेमे कुठे ठेवलेत? मेमरी कार्डावर की बाहेरच्या डिस्कवर?

घाटमाथा:
बाहेरच्या एसएसडीवर. जागा नाही म्हणून ती पायच्या डबीवरच ठेवलीय. तिचा गेमपॅडशी काय संबंध?

गच्चीवरचा_तारा:
तिचाच संबंध असावा. निळ्या पोर्टात लावली असेल. ते यूएसबी ३.०. त्यावरून डेटा धावतो तेव्हा केबल आणि कनेक्टरमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट सुटतो, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलतं. इंटेलने २०१२ साली यावर टिपण काढलं होतं. केबलचं आवरण हलकं असलं तर त्रास जास्त. यादी पळते ती त्यामुळेच: बटण दाबल्याचा निरोप पोचला, सोडल्याचा अडकला. तुमचे गेम कार्डावरून चालत असतील, तेव्हा डिस्क निवांत पडून असते. खात्री करायला एक सिनेमा कार्डावर घ्या, डिस्क काढून ठेवा आणि लावून बघा.

वायरवाला:
हे पटतंय. मला ते आधी सुचायला हवं होतं. डिस्क काळ्या पोर्टात लावा, ते २.० आहेत. वेगाची काळजी नको. २.० कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिटचं, आणि ब्ल्यू-रेच्या चित्राची कमाल मर्यादा ४० मेगाबिट.

ओली_भेळ:
तरी माझं म्हणणं आहे की पॅड झोपतात.

जुनी_कॅसेट:
भाच्याला काँट्रा गेम दाखवणार का? वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए आणि मग स्टार्ट. ३० लाइफ मिळतात. आमच्या वाड्यात हे ज्याला पाठ असायचं त्याला पहिला नंबर मिळायचा.

मोगरा_७२:
माझ्या भावाने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर बाण काढून ठेवले होते! आईने ती वही रद्दीत दिली तेव्हा दोन दिवस जेवला नाही.

घाटमाथा:
तारा, तुम्ही म्हणालात तसं केलं. डिस्क काढून कार्डावरून सिनेमा लावला, पाऊण तासात एकदाही सुटला नाही. डिस्क परत निळ्या पोर्टात लावली, तर पहिल्याच गाण्यात दिवे पळायला लागले. मग काळ्या पोर्टात लावली आणि डबीवरून उचलून टीव्हीच्या मागे हातभर लांब ठेवली. काल अख्खा सिनेमा पॅडवर बघितला, मध्ये चारदा पॉज केला. मनापासून आभार.

भेळ, तुमचंही खरं निघालं. वीसेक मिनिटं हात लावला नाही तर दिवे विझतात, होम दाबलं की लगेच उठतो. सीईसीही चालू केलं. आई रिमोटनेच पॉज करते, पॅडची इतकी बटणं तिला नको वाटतात. कीबोर्ड माळ्यावर गेला.

आता दुसरा पॅड जोडायचाय. रेट्रोपायमध्ये पहिला खेळाडू कोण हे तो कशावरून ठरवतो? भाचा दुसरा नंबर घेणार नाही.